आजोबांच्या चाकूचं लहान पातं कशासाठी होतं? (आणि खिशातल्या चाकूचे तुमचे उपयोग)

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गावचं घर आवरताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतरांच्या घड्यांखाली, त्यांचा घडीचा चाकू सापडला. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, मिटवला की माझ्या मधल्या बोटाएवढा. त्यात दोन पाती आहेत. मोठं पातं धार लावून लावून इतकं झिजलंय की मध्ये कमरेसारखं आत गेलंय. लहान जेमतेम दीड इंचाचं, अरुंद, आणि मोठ्याच्या मानाने बरंच शाबूत.

आजोबा सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. मला आठवतात ते निवृत्तीनंतरचे, बंडीच्या खिशात हा चाकू ठेवणारे. आमच्या तळपायातले बाभळीचे काटे त्यांनी याच चाकूने काढले. उसाचं कांडं सोलून द्यायचे, कंदिलाच्या वातीवरची काजळी खरवडायचे, पोस्टाने आलेलं पाकीट कडेने असं उघडायचे की ते उलटं करून पुन्हा वापरता यावं. हे सगळं मोठ्या पात्याने. लहान पातं उघडलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

तर प्रश्न असे. लहान पातं कशासाठी असेल? दोन्ही पात्यांवर गंज आहे आणि लहान तर निम्म्यात अडकतंय, ते कसं सोडवू? आणि तुमच्याकडे असा चाकू असेल तर त्याचा भाजी-फळं सोडून काय उपयोग करता? मला हा चाकू कपाटात ठेवायचा नाही, वापरायचा आहे.

--

कातळवाट

मस्त धागा. गंजाचं आधी सांगतो. पातं जोर लावून उघडू नका, नख तुटतं आणि बोटही कापतं. एका वाटीत रॉकेल घेऊन रात्रभर मूठ वर राहील असा सांध्यापुरता बुडवून ठेवा. सकाळी थोडं उघड, थोडं मिट असं करत सोडवा. काळी राळ निघेल ती काडीने आणि चिंधीने पुसा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. पात्याला मात्र खोबरेल लावा, कारण उद्या त्याच पात्याने आंबा कापाल.

जुनं पोलाद आहे, स्टेनलेस नव्हे. कैरी-लिंबू कापलं की काळंनिळं पडणारच. तो गंज नाही, तो रंग राहू दे. तांबूस दिसला तरच घासा.

--

कलमवाला

लहान पात्याबद्दल एक शंका. त्याची धार एकाच बाजूने उतरती आहे की दोन्ही बाजूंनी? आमच्याकडे कोकणात कलमं बांधणाऱ्यांच्या खिशात जो चाकू असतो त्याचं पातं एका बाजूला सपाट असतं. आजोबांना झाडांची हौस होती का?

--

ओसरी

@कातळवाट, आज रात्रीच ठेवते. @कलमवाला, दोन्ही बाजूंनी उतरती आहे, भिंगातून पाहिलं. परसात पेरू आणि कढीपत्ता होता, कलमं नव्हती. पण सपाट बाजूचं कारण काय, ते जरा सविस्तर सांगा ना.

--

कलमवाला

सांगतो, माझा रोजचा विषय आहे.

कोय कलम बांधताना कोयीतून उगवलेलं रोप असतं पंधरा-वीस दिवसांचं, पानं अजून तांबूस. त्याचा शेंडा उडवायचा आणि खोडाला मधोमध उभी चीर द्यायची, साधारण ४ सेंटिमीटर. हापूसच्या काडीला खालून दोन बाजूंनी तासून तेवढ्याच लांबीची पाचर करायची. ती चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. आता हे तासणं एका ओढीत झालं पाहिजे. दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं लाकडात शिरलं की किंचित वळतं आणि काप खोलगट होतो. मग पाचर आणि चीर यांच्यात पोकळी राहते, साल सालीला भिडत नाही आणि कलम वाळतं. एका बाजूने सपाट असलेलं पातं सरळ चालतं. काप कसा झाला ते बघायला मी काडी उजेडासमोर धरतो. पातं काडीवर आडवं टेकवायचं, मधून उजेड दिसला तर काप फुकट.

गुलाबाचे डोळे भरायच्या चाकूला दुसऱ्या टोकाला हाडाची किंवा पितळेची बोथट जीभ असते. इंग्रजी टी सारखा छेद दिला की त्या जिभेने साल उचलायची, म्हणजे आतला ओला थर फाटत नाही. तुमच्या चाकूला तसं काही दिसत नाही. म्हणजे कलमाचा नाही हे नक्की.

--

शिवणटिपण

माझा उपयोग वाचून आश्चर्य वाटेल. मी ब्लाउज शिवते, आणि शिवण उसवायला लहान पात्याचा घडीचा चाकूच वापरते. कात्रीचं टोक कापडात घुसतं. उसवताना दोन्ही कापडं दोन्हीकडे ताणून धरायची, म्हणजे मधले टाके उभे राहतात. चाकूचं टोक एका टाक्याखाली घालायचं, धार वर, आणि नुसतं उचलायचं. प्रत्येक टाका कापायची गरज नसते. दर चौथा कापा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढा, सबंध शिवण सुटते. पण पातं खरंच धारदार पाहिजे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि मग ते घसरतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

--

मोघमराव

चाकू खिशात घेऊन हिंडणं कायद्यात बसतं का? उगाच पोलिसांचा ससेमिरा नको.

--

कातळवाट

शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं परवान्यात येतं, तेही घरकामाचं, शेतीचं, कारखान्याचं अवजार सोडून. ओसरीताईंचा चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण शहरात पोलिसांचे वेळोवेळी मनाई आदेश असतात, आणि सभा, कोर्ट, गर्दीची देवळं अशा ठिकाणी तो घरी ठेवणंच शहाणपणाचं. विमानाने जाताना हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. माझ्या ओळखीच्या एकाने तीस वर्षं वापरलेला चाकू असाच विमानतळावरच्या डब्यात सोडून दिला. त्यानंतर दोन दिवस तो जेवला नाही.

--

टेम्सकाठ

इथे इंग्लंडातला नियम सांगते, कारण पुष्कळ मराठी मुलं शिकायला येतात आणि सामानात चाकू आणतात. घडीचा, उघडल्यावर न अडकणारा (लॉक न होणारा) आणि ३ इंच किंवा त्याहून कमी पात्याचा चाकू कारण नसतानाही खिशात चालतो. उघडल्यावर जो अडकून राहतो त्याला सबळ कारण लागतं, मग तो कितीही लहान असो. म्हणून माझा ओपिनेल (उघडल्यावर अडकणारा फ्रेंच चाकू) ट्रेकला नेते, एरवी घरी.

जाता जाता, ओपिनेलची एक गंमत पावसाळी ट्रेकवाल्यांच्या कामाची आहे. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू बनवला. मूठ बीच लाकडाची असते. ओलीने लाकूड फुगतं आणि पातं खाचेत गच्च बसतं, नखाने निघत नाही. तेव्हा कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक् करून आपटायचं, पातं आपसूक थोडं बाहेर येतं. तिकडचे लोक असंच उघडतात. पात्याला अडकवणारी फिरती कडी मात्र नंतरची, १९५५ सालची.

--

ओसरी

सुटलं! रॉकेलात रात्रभर ठेवलं आणि सकाळी लहान पातं टक् करून उघडलं. इतका नाजूक आवाज आहे त्याचा. खाचेतून काळं काहीतरी निघालं, चिकट नाही, कोरडं.

एक गोष्ट लक्षात आली. लहान पात्याची धार सगळीकडे सारखी झिजलेली नाही. टोकाकडचा अर्धा इंच झिजलाय, मुठीकडचा भाग जवळजवळ कोरा आहे. म्हणजे फक्त टोकाने काहीतरी बारीक काम होत होतं. काय असेल?

--

चौकटराजा६४

पेन्सिल! मी चित्रकलेच्या एलिमेंटरीला बसलो तेव्हा आमचे सर शार्पनर वापरू द्यायचे नाहीत. शार्पनरने शिसं आखूड आणि गोल निघतं. चाकूने तासलं की पाऊण इंच शिसं उघडं ठेवता येतं, आणि ते आडवं धरून छायाभेद करता येतो. पेन्सिल फिरवायची, चाकू तसाच ठेवायचा, आणि पात्याच्या पाठीवर डाव्या अंगठ्याने ढकलायचं. ओढायचं नाही, ढकलायचं. शेवटी शिशावर पातं उभं धरून नुसतं खरवडायचं. इंटरमिजिएटला माझी ए श्रेणी आली त्यात त्या चाकूचा वाटा आहे असं मी आजही मानतो.

--

दोरखंड

कापण्याव्यतिरिक्तचे उपयोग विचारलेत म्हणून लिहितो. वीस वर्षं गणपती मंडळाचा मांडव बांधतोय. माझ्याकडे स्विस चाकू आहे, आणि त्यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं अवजार म्हणजे बूच काढायचा मळसूत्री स्क्रू. बूच आयुष्यात एकदाही काढलं नाही. पावसात भिजून वाळलेली सुतळीची गाठ नखाने सुटत नाही, दाताने तर नाहीच. स्क्रूचं टोक गाठीच्या मध्यात फिरवत घालायचं आणि हलवायचं, पेड सैल होतात. सुतळी कापावी लागत नाही, पुढच्या वर्षी तीच वापरतो. त्याच स्क्रूच्या पोकळीत चष्म्याचा बारीक स्क्रू पिळायचं पेचकस बसतं, ते वेगळं विकत मिळतं.

दुसरं म्हणजे त्यातला बाकदार हूक. तो कशाला आहे हे कुणालाच कळत नाही. मंडईतून येताना पिशव्यांचे बंद बोटांत रुततात ना? बंद हुकात अडकवायचे आणि चाकू मुठीसारखा आडवा धरायचा. पाच किलो कांदे आणि दोन नारळ घेऊन बसस्टॉपपर्यंत चालत जा, मग माझी आठवण काढाल.

--

मोघमराव

ही सगळी स्विस खेळणी वाटतात मला. एक पातं असलं की झालं.

--

दोरखंड

खेळणं म्हणून बनलाच नव्हता. स्विस सैन्याने १८८९ ची रायफल घेतली, ती खोलायला पेचकस लागायचं आणि डब्यातलं अन्न उघडायला डबाफोड. दोन्ही एका चाकूत हवं होतं. पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगेनहून आला, कारण एवढी संख्या स्वित्झर्लंडमध्ये बनवायची सोय नव्हती. इबाख गावच्या कार्ल एल्सनरचा १८८४ पासून चाकूंचा कारखाना होता, त्याने १८९१ मध्ये सैन्याला स्वतःचा पहिला माल दिला. आपण जो ओळखतो तो हलका, बूच काढायच्या स्क्रूचा चाकू त्याने १८९७ मध्ये नोंदवला. आईच्या नावातलं व्हिक्टोरिया आणि न गंजणाऱ्या पोलादाचं इनॉक्स मिळून पुढे व्हिक्टोरिनॉक्स झालं.

पण तुमचं म्हणणं एका अर्थी मान्य. नव्वद टक्के काम पात्याचंच.

--

कातळवाट

पात्याच्या पाठीचंही तेवढंच काम आहे, ते लोक विसरतात. किल्ल्यावर मधमाशी चावली तर नांगी कातडीतच राहते आणि तिची पिशवी विष सोडत राहते. चाकूची पाठ, धार नव्हे, कातडीला लावून आडवी खरवडली की नांगी निघते. पण चाकू शोधण्यात वेळ घालवू नका. हाताशी जे असेल त्याने, नखानेही चालेल, पहिल्या काही सेकंदांत काढणं महत्त्वाचं. आणि आग्यामोहोळ उठलं असेल तर आधी पळा.

पावसाळ्यात चूल पेटवायलाही. बाहेरून भिजलेली वाळकी काटकी घ्या, वरची साल आणि ओला थर तासून टाका. आतल्या कोरड्या लाकडावर पातं जवळजवळ आडवं धरून पातळ साली काढा, पण त्या काटकीपासून तोडू नका, एकाच जागी कुरळ्या साचू द्या. लाकडाचं फूल होतं. अशा तीन-चार फुलांवर एक काडी पुरते.

--

वायरमनकाका

विजेचं काम करणाऱ्यांसाठी. वायर सोलताना चाकू गोल फिरवून कापू नका. तांब्याला चरा पडतो आणि तिथेच पुढे वायर तुटते. पेन्सिल तासतो तशी तिरपी तासा. आणि मेन स्विच बंद करून. चाकूची मूठ शॉकपासून वाचवत नाही.

--

गोधडी

पाचवीतल्या मुलाला चाकू द्यावा का? मागे लागलाय. सगळ्यांनी अंगठे कापल्याचं लिहिलंय आणि तरी सगळे प्रेमाने बोलताय.

--

कलमवाला

गोधडीताई, माझ्या मुलीला आठव्या वर्षी दिला, पण माझ्या शेजारी बसून वापरायचा या अटीवर. पहिला महिना फक्त साबणाची वडी तासायला. साबण मऊ असतो, त्यामुळे जोर न लावता हाताला धार कळायला लागते. तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. धार नेहमी अंगापासून लांब, मांडीवर ठेवून कधी काही कापायचं नाही (मांडीतली मोठी रक्तवाहिनी कापली तर फार वाईट होतं), आणि दुसऱ्याला देताना मिटवून द्यायचा. आता ती रोपवाटिकेत माझ्याइतक्याच सफाईने पाचर काढते.

आणि पायाला कुरूप झालं म्हणून चाकूने कोरू नका, हे मोठ्यांना सांगतोय. मधुमेह असेल तर मुळीच नाही. आमच्या वाडीत एकाचा अंगठा गेला.

--

शिवणटिपण

+१. आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण उचकटायला पातं वापरू नका. रंगाच्या डब्यावर माझ्या नवऱ्याने चांगल्या चाकूचं टोक मोडलं.

--

पाटीवरचं

धागा आत्ता पाहिला. ओसरीताई, तुमच्या लहान पात्याचं कोडं बहुतेक मला सुटलंय.

आजोबा शिक्षक होते म्हणालात. चाकूच्या धंद्यात अशा लहान, अरुंद पात्याला आजही कलमाचं पातंच म्हणतात, पण झाडाचं कलम नव्हे, लिहायचं! इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला पेननाइफ म्हणतात ते याचमुळे. युरोपात पिसाचं टोक तासायला, आपल्याकडे बोरूचं, म्हणजे काडीच्या लेखणीचं. फारसीत या चाकूला कलमतराश म्हणतात, कलम तासणारा. लेखणी झिजली की दिवसातून अनेकदा तासावी लागे, म्हणून लिहिणाऱ्या माणसाजवळ तो लागायचाच. नंतर टाक आला, फाउंटन पेन आलं, पातं मात्र तसंच राहिलं.

मी सुलेखन शिकवते आणि अजून बोरू करते. टोकाकडचा अर्धा इंचच झिजतो, कारण सगळं काम टोकानेच होतं. तुम्ही म्हणता तसंच. आणि मोठ्या पात्याने ते होत नाही, रुंद पातं वळणात फिरत नाही. आजोबा बोरू वापरायचे का, घरात कुणाला विचारता येईल?

--

ओसरी

अंगावर काटा आला वाचून. थोरल्या आत्याला फोन करते. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, पण तिला सगळं आठवतं.

--

ओसरी

केला फोन. मी फक्त विचारलं, "आत्या, अण्णांच्या चाकूचं लहान पातं कशासाठी होतं?" ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "अगं, बोरूसाठी. त्याला कुणी हात लावायचा नाही."

रविवारी सकाळी अण्णा ओसरीवर बसून शाळेतल्या मुलांसाठी बोरू करायचे, दहा-पंधरा एका बैठकीत. ओढ्याकाठच्या काड्या आत्याने आणि धाकट्या काकांनी तोडून आणायच्या आणि माळ्यावर वाळत घालायच्या. उसाला, काट्याला, सुपारीला मोठं पातं. लहान पात्याने दुसरं काही कापलं तर धार बिघडते आणि अक्षर बिघडतं, असं ते म्हणायचे. एकदा काकांनी त्या पात्याने पतंगाची कामटी तासली तर अण्णा दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. रागावले नाहीत, नुसते बोलले नाहीत.

@पाटीवरचं, मला बोरू करायला शिकवाल का? इथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.

--

पाटीवरचं

नक्की. आधी धार. पात्याची पाठ दगडापासून काडेपेटीच्या एका काडीइतकी वर धरा, पातं अरुंद आहे म्हणून एकच. हलक्या हाताने, दोन्ही बाजूंना सारखी. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाचा खरखरीत काठ चालतो. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून दहा-बारा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापून पाहा, फाटल्याचा आवाज न येता कापला गेला की झालं.

आता काडी. पूर्ण वाळलेली, करंगळीपेक्षा बारीक, वीतभर. टोकापासून इंचभर मागे पातं टेकवून खालच्या अंगाने लांब तिरका काप घ्या, काडी अर्धी राहीपर्यंत. आतला मऊ गाभा टोकाने खरवडून टाका, नाहीतर तो शाई पिऊन बसतो. मग दोन्ही कडा तासून खांदे काढा. मधोमध बारीक चीर द्या, पातं नुसतं दाबून, ओढून नाही. बारीक टच् असा आवाज येतो. सगळ्यात शेवटी बोरू कठीण लाकडी पाटावर पालथा ठेवून टोक एका दाबात तिरकं कापा. दोनदा दाबलंत तर टोक दातेरी होतं आणि रेघेच्या कडा फाटतात. पहिले पाच-सहा वाया जातील, काड्या जास्त आणा.

--

चौकटराजा६४

वाचनखूण साठवली. ओसरीताई, झाला की फोटो टाका.

--

ओसरी

झाला! सातवा जमला. सहा वाया गेले, त्यातले चार शेवटच्या कापात. सातव्याला चीर देताना तो टच् आवाज आला आणि मी तशीच थांबले दोन मिनिटं.

भाचीला लिहायला दिला. ती दुसरीत आहे. तिने आधी दाबून लिहिलं आणि शाईचा थेंब पडला. मग हात हलका केला आणि "श्री" काढला. त्याचा काना इतका जाड आणि वेलांटी इतकी बारीक आली की तीच चकित होऊन बघत राहिली. आता आत्याला दाखवायला म्हणून तिने पोस्टकार्डावर पत्र लिहिलंय, चार ओळींचं. उद्या टाकते.

फोटो खाली जोडलाय. मोठ्या पात्याने मी कालपासून कैऱ्या कापतेय, ते निळं पडायला लागलंय. लहान पातं पुसून, तेल लावून मिटवून ठेवलंय.

--

पाटीवरचं

फोटो पाहिला. टोकाचा काप सुरेख आला आहे. शाई कुठली वापरलीत?

--

ओसरी

साधी काळी, दुकानातली. गोंद घालायला हवा होता का? कागदावर थोडी पसरली.

--

पाटीवरचं

हो, चिमूटभर बाभळीचा डिंक कोमट पाण्यात विरघळवून घाला. आणि बोरू वापरून झाला की धुऊन उभा ठेवा, टोक वर.